तिकडं हवा न्हाई

बनकर सर कुठल्याही खोलीत सरळ शिरत नसत. दारात थांबायचे, डावीकडून उजवीकडे सगळी खोली नजरेखालून घालायचे, मग छताकडे बघायचे, मग फरशीकडे, आणि मगच आत पाऊल टाकायचे. मुख्याध्यापकांच्या खोलीतही तेच. आमचे मुख्याध्यापक तापट. "अहो बनकर, आत या नाहीतर बाहेर थांबा, दारात काय उभे राहता?" असं ते दर वेळी म्हणायचे आणि सर दर वेळी म्हणायचे, "आलोच सर, बघून घेतो." काय बघून घेतो, ते कोणालाच माहीत नव्हतं. मला माणसं लगेच ओळखता येतात असा माझा एक जुना समज आहे. त्या समजाप्रमाणे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं की हा माणूस जरा मंद आहे.

मी राहात्याच्या त्या शाळेत मराठी शिकवायचे आणि सर कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. मूळचा माणूस मोटारीच्या कामातला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा तार भरून चालू करून द्यायच्या, हा त्यांच्या वडिलांचा धंदा. सरांनी त्यात दहा वर्षं काढली, मग कसलासा डिप्लोमा केला आणि शाळेत लागले. लॅबमध्ये अकरा कॉम्प्युटर, त्यातले चालू चार. बाकीच्या सातांची पोटं उघडी असायची आणि चालू असलेल्या चारांना लागेल ते त्यांच्यातून काढून दिलं जायचं. लॅबच्या बाहेर चपला काढायच्या, हा नियम संस्थेच्या पाहुण्यांनाही लागू होता. सरांच्या खिशात सदैव काही ना काही असायचं. वॉशर, सुतळीचा तुकडा, पेनाचं टोपण, सायकलच्या चाकातली तार. "हे कशाला ठेवलंय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "लागंल कुठंतरी."

आणि लागायचंही. एका पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी वर कप्पीतून निसटली. प्रमुख पाहुणे फेटा बांधून उभे, पोरं सावधानमध्ये, मुख्याध्यापकांचा चेहरा लालबुंद. शिपाई भिका शिडी शोधायला पळाला. सर मात्र खांबापाशी जाऊन नुसते बघत उभे राहिले. चांगली पाच मिनिटं. मला तर वाटलं, याला आता सगळ्यांसमोर बोलणी बसणार. मग ते वळले, जिन्याखालचा जळमटं काढायचा बांबू घेऊन आले, खिशातली तार वाकवून त्याच्या टोकाला बांधली आणि दोरी वर ढकलून कप्पीत बसवली. टाळ्या पडल्या. सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, आधी सगळं बघायचं. मंग उचलायचं. मंग हे त्याला लावून बघायचं. न्हाई जमलं तर सगळ्यांशी एकदा परत बोलायचं." मला वाटलं, हे मोटारीच्या कामातलं शहाणपण असेल.

ते तिथलं नव्हतं. एका शनिवारी कळलं. शनिवारी शाळा सकाळची, साडेअकराला सुटायची, आणि श्रीरामपूरला जाणारी माझी एसटी दोनला. मधला वेळ मी लॅबमध्ये बसून प्रश्नपत्रिका टाइप करायचे. त्या दिवशी सरांच्या पडद्यावर एक चित्र दिसलं. एक लांबच लांब खोली, गोल खिडकी, खिडकीबाहेर काळोख. मेजावर अर्धा प्यायलेला कप. खुर्चीवर कोणाचा तरी सदरा. माणूस एकही नाही. सर माऊसचा बाण कपावर नेत होते, सदऱ्यावर नेत होते, प्रत्येक वस्तूवर एकेकदा टिचकी मारत होते.

तो एक जुना परदेशी खेळ होता. जुन्या बाजारातून आणलेल्या कॉम्प्युटरच्या आतच सापडलेल्या सीडीवरचा. एक मेकॅनिक अवकाशयानात झोपेतून उठतो तर यान रिकामं. बाकीची माणसं कुठे गेली ते शेवटपर्यंत कळत नाही. त्याने खोल्याखोल्यांतून हिंडायचं, वस्तू बघायच्या, उचलायच्या, एकीला दुसरी लावायची, दारं उघडायची, आणि एक छोटं यान दुरुस्त करून घरी परतायचं. सोबतीला कोण, तर त्या यानाचा कॉम्प्युटर. बाईचा आवाज. इंग्रजीत सूचना द्यायची. खोल्यांतली बाकीची यंत्रं विचारलं की अक्षरांत उत्तरं द्यायची; अडलं की त्या सगळ्यांशी एकदा परत बोलायचं.

"यात मारामारी नाही?" मी विचारलं.

"न्हाई. कोनी मारत न्हाई, कोनी मागं लागत न्हाई. घाईच न्हाई यात. नुसतं अडकायचं." सर खुशीत म्हणाले. "मी सव्वा वर्ष एका जागी अडकलोय."

मी चष्मा पुसून जवळ गेले. पडद्यावर खाली एक वाक्य होतं. त्यात पाईप होता आणि पुढे 'टॅप' असा शब्द. सर सव्वा वर्ष त्या पाइपाला नळ शोधत होते. पाइपाच्या वर, खाली, भिंतीमागे. यानात जेवढे नळ होते तेवढे उघडून बघितले होते. मी सांगितलं, "सर, टॅप म्हणजे इथे ठोकणं. पाइपावर तीनदा टकटक करा." त्यांनी तीनदा टिचकी मारली. दार उघडलं. मी हसून हसून बेजार झाले. सर हसले नाहीत. त्या उघड्या दारातून आतल्या खोलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, एका शब्दापायी सव्वा वर्ष. हे मराठीत पायजे."

असं आमचं काम सुरू झालं.

सरांनी खेळाच्या फायली उघडून बघितल्या होत्या. मोटार उघडणारा माणूस, त्याला झाकण दिसलं की स्क्रू दिसतात. अक्षरं म्हणजे नुसती चित्रं होती, ती बदलता येत होती. आवाजाची एकेक फाइल वेगळी होती, तीही बदलता येत होती. अट एकच. मूळ वाक्याला जेवढे सेकंद, तेवढ्यातच आपलं वाक्य बसलं पाहिजे, नाहीतर खेळ ते मधेच तोडून टाकायचा. दोनशेच्या वर वाक्यं. भाषांतर माझं, आवाजही माझाच घ्यायचा असं ठरलं. मी खूश होते, खोटं कशाला सांगू. वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून तालुकाभर हिंडलेली बाई मी.

पहिल्याच वाक्याला आपटले. 'सावधान, पुढील कक्षात प्राणवायू उपलब्ध नाही.' सर पी.टी.च्या शिक्षकांचं स्टॉपवॉच हातात धरून बसलेले. "साडेतीन सेकंद जास्ती." पुन्हा भरभर म्हटलं. "दोन सेकंद जास्ती." तिसऱ्यांदा माझी जीभ अडखळली. त्या वेळी दारात शालनवहिनी उभ्या होत्या, सरांच्या पत्नी. शनिवारी त्या सरांचा डबा घेऊन यायच्या आणि सोबत पिशवीभर पेरू, स्टाफरूमसाठी. सातवीपर्यंत शिकलेल्या, अंगाने बारीक, आवाज मात्र भरदार. शेतावरून हाक मारली तर रस्त्यावरचा टेम्पो थांबेल असा. त्या म्हणाल्या, "काय सांगायचंय तेवढं सांगा की मला."

सर म्हणाले, "पुढच्या खोलीत हवा न्हाई, तिकडं जाऊ नका, एवढं सांगायचंय."

"कोनाला?"

"मला."

वहिनी सरांकडे बघून म्हणाल्या, "अहो, थांबा. तिकडं हवा न्हाई."

सरांनी स्टॉपवॉच बघितलं. अर्धा सेकंद उरला होता.

मी खूप भांडले, हेही सांगते. 'हवा न्हाई' काय, 'हाय' काय, पोरांच्या वह्यांत मी जे लाल शाईने खोडते तेच आता यान बोलणार? सर म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर हाय, पन बसत न्हाई." बसत नाही म्हटल्यावर व्याकरण काय करणार! अवकाशयानाच्या दोन दारांमधल्या खोलीला मी 'वायुरोधक कक्ष' सुचवलं होतं. वहिनींनी ते काय असतं ते नीट विचारून घेतलं, आणि म्हणाल्या, "मंग मधली खोली म्हना." मी यादीत मधली खोली लिहिलं. हळूहळू माझी यादी लाल शाईने भरत गेली आणि ती शाई वहिनींची होती.

रेकॉर्डिंगचे ते शनिवार मला अजून लख्ख आठवतात. आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, आम्ही तिघं घामाने थबथबलेले. तरी समोरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज यायचाच. सरांनी तो काढायचा प्रयत्न केला, जमला नाही. त्यामुळे आमच्या खेळात पृथ्वीपासून लांब, त्या काळोखात, यान बोलायला लागलं की मागे राहात्याची गिरणी ऐकू यायची. वहिनींना कागदावरून वाचायला सांगितलं की त्यांचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा कोरडा व्हायचा. म्हणून सर वाक्याचा अर्थ सांगायचे आणि त्या सरांकडे बघून बोलायच्या. "अहो, जेवला न्हाई तुमी." "अहो, त्या तारंला हात लावू नगा, करंट हाय." "सापडंल, दम धरा." मूळ खेळातला कॉम्प्युटर थंड होता, सगळ्यांना सारखा. आमचा कॉम्प्युटर घरचा होता.

शेवटचं वाक्य राहिलं. छोटं यान चालू व्हायला ताकद लागते, ती त्या मोठ्या यानातूनच काढून घ्यावी लागते, आणि ती काढली की तो बाईचा आवाज कायमचा बंद. तिला ते माहीत असतं. ती स्वतःच सांगते, कुठली कळ दाबायची ते. आणि निरोप घेते. मी भाषांतर केलं होतं, 'जाते मी. वाट बघू नका.'

वहिनी अडल्या. "जाते न्हाई म्हनायचं बाई. आपल्यात येते म्हनत्यात."

"अहो वहिनी, पण ती परत येणार नाहीये."

"न्हाई आली तरी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. सगळ्या यादीत हरलेली होते, एवढं एक वाक्य तरी माझं राहावं असं वाटलं असेल. मी त्यांना चक्क शिकवायला लागले. अर्थ बघा म्हटलं. येते म्हटलं तर खेळणारा तिथेच थांबून राहील, त्याला वाटेल ही परत येणार. फसवणूक होईल त्याची. भाषेत खरं ते लिहावं लागतं. पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. वहिनींनी सरांकडे बघितलं. सर स्टॉपवॉचकडे बघत होते.

"तुमी म्हनता म्हनून," वहिनी मला म्हणाल्या. मग सरांकडे वळल्या आणि एकाच दमात बोलल्या, "जाते मी. वाट बघू नगा."

बरोबर बसलं. सेकंदाला सेकंद.

त्यानंतर दोन महिन्यांनी वहिनी डेंग्यूने गेल्या. ताप आला, अंगावर काढला, नगरला नेलं, आठवा दिवस लागायच्या आत संपलं. मी शिकलेली बाई आहे. तापाने माणूस जातो, शब्दाने जात नाही, हे मला कळतं. तरीही त्या दिवसापासून आजपर्यंत मी कोणाच्याही घरून निघताना 'जाते' म्हटलेलं नाही, आणि कोणी म्हटलं तर त्याला 'येते' म्हणायला लावते. ते वाक्य मी त्यांच्या तोंडात घातलं. ही गोष्ट मी आजवर कोणापाशी बोलले नव्हते.

दिवसकार्य झाल्यावर सर रजेवर होते. पण ते घरी बसले नाहीत. ज्या रिक्षाने वहिनींना दवाखान्यात नेलं त्या रिक्षावाल्याकडे जाऊन आले. त्यांना औषध देणाऱ्या दुकानदाराकडे गेले. शेजारणीकडे, नर्सकडे, डॉक्टरांकडे. भांडायला नाही. नुसतं विचारायला, ती तुमच्याशी काय बोलली होती. डॉक्टरांना वाटलं, तक्रार करणार. रिक्षावाल्याला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. मला मात्र एकदम कळलं. खेळात अडकलं की सर हेच करायचे. सगळ्यांशी एकदा परत बोलून बघायचं. कोणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं, ते आपण ऐकलेलं नसतं, ते सापडलं की दार उघडतं.

सगळ्यांत शेवटी ते माझ्याकडे आले. स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. दारात थांबले, सगळी खोली बघून घेतली, मग आत आले.

"बाई, तुमच्याशी शेवटचं काय बोलली ती?"

"पेरूचं बोलल्या," मी म्हणाले. "पिशवी परत मागितली माझ्याकडे. मी आणायला विसरले होते."

"आनखी?"

"आणखी काही नाही, सर."

सर दाराकडे वळले. मग म्हणाले, "मंग झालं सगळ्यांशी बोलून."

पुढच्या सोमवारपासून ते शाळेत आले, आणि मधल्या सुट्टीत लॅबचं दार लोटून खेळायला बसू लागले. पहिल्या दिवशी मी व्हरांड्यातून चालले होते. आतून आवाज आला, "अहो, जेवला न्हाई तुमी." माझ्या हातातल्या वह्या खाली पडल्या. आत डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. सर जेवायला लागले होते.

पुढे सगळ्या शाळेला सवय झाली, असं म्हणायची पद्धत आहे. मला झाली नाही. भिकाने लॅब झाडायचं सोडलं. "वहिनी बोलत्यात आत," एवढंच म्हणाला आणि झाडू माझ्या हातात देऊन मोकळा झाला. भर दुपारी, उन्हात, पोरं मैदानावर ओरडत असताना त्या बंद दाराआडून तो आवाज यायचा आणि मागे गिरणी चालू असायची. गिरणीवाल्याने मधे धंदा बंद केला, पट्टा काढून ठेवला. त्यानंतरही लॅबमध्ये गिरणी ऐकू यायची. ते माझ्याच्याने सहन होत नसे. आणि तरी दर शनिवारी मी तिथेच प्रश्नपत्रिका टाइप करायला जाऊन बसायचे. तो आवाज ऐकायलाच जायचे, दुसरं काय.

माझ्या लक्षात आलं की सर खेळ पूर्ण करत नाहीत. सगळी दारं उघडायचे, छोटं यान दुरुस्त करायचे, शेवटच्या कळेपर्यंत पोचायचे, आणि तिथून मागे फिरून पुन्हा पहिल्यापासून. सगळं पाठ झालं होतं. तरीही मुद्दाम चुकीच्या दाराकडे जायचे. मग ती म्हणायची, "अहो, थांबा. तिकडं हवा न्हाई." सर थांबायचे. पुन्हा जायचे. ती पुन्हा तेच म्हणायची, न चिडता. एका दुपारी मी मोजलं, सतरा वेळा.

एकदा धीर करून मी बोलले. "सर, ते शेवटचं वाक्य काढून टाका. मूळ इंग्रजी घाला परत. माझंच चुकलं होतं."

सरांनी माऊसवरचा हात काढला नाही. "बाई, तीन सेकंद हायत ते. पन तिचेच हायत ना. पुसू कसं?"

"मग ऐकूही नका."

"न्हाईच ऐकत."

म्हणजे पुसायचंही नाही आणि ऐकायचंही नाही. असा तो माणूस तीन वर्षं त्या यानात राहिला.

मग शाळेला नवीन कॉम्प्युटर मंजूर झाले. जुने अकराच्या अकरा भंगारात जाणार, टेम्पो सोमवारी येणार. सरांनी तो खेळ नव्या मशीनवर घालून बघितला, चालला नाही. जुनं एखादं घरी न्यावं तर ते शाळेच्या रजिस्टरला लागलेलं, आणि त्यातल्या एकातच तो खेळ चालवण्याइतका जीव उरला होता, तोही रोज दोनदा बंद पडणारा. मी म्हटलं, "सर, आवाजाच्या फायली मोबाईलवर घ्या की."

"घेतल्यात." त्यांनी मोबाईल काढून दाखवला. दोनशेच्या वर फायली, एकीखाली एक. "पन यात ती नुसती बोलती, बाई. मी काय करतोय ते बघून बोलत न्हाई."

मी पिशवी आवरायला लागले. तर सर म्हणाले, "उद्या शनिवार हाय. तुमी बसाल का जरा? एकट्यानं न्हाई व्हायचं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही बसलो. सरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. घाई केली नाही. तो कप बघितला, सदरा बघितला. पाइपावर तीनदा टकटक केली तेव्हा माझ्याकडे बघून थोडंसं हसलेसुद्धा. चुकीच्या दाराकडे एकदाच गेले. "अहो, थांबा. तिकडं हवा न्हाई." थांबले. दोन वाजून गेले. कॉम्प्युटर तापला की सर पुठ्ठ्याने वारा घालायचे, आजारी माणसाला घालतात तसा. माझी एसटी निघून गेली असेल, मी बघितलं नाही. छोटं यान दुरुस्त झालं. कुठली कळ दाबायची ते तिने सांगितलं, "ती तांबडी. व्हय, तीच."

सरांचा हात थांबला. मला वाटलं, आता मागे फिरतील. मनातून मला तेच हवं होतं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि डोळे मिटले होते.

टिचकीचा आवाज आला. मग ते वाक्य आलं. जसं त्या दिवशी म्हटलं होतं तसंच, एकाच दमात.

"जाते मी. वाट बघू नगा."

मी डोळे उघडले. सर पडद्याकडे बघत होते. तोंडावर काही नव्हतं, रडूही नव्हतं. घरातलं माणूस उंबऱ्यावरून हाक देऊन बाहेर पडावं आणि आतल्याने हातातलं काम न सोडता उत्तर द्यावं, तसं ते म्हणाले,

"ये."

त्यानंतर यानात काहीच ऐकू येईना. गिरणीसुद्धा नाही. मोठ्या यानातले दिवे एकेक करून विझले आणि छोट्या यानाचं दार उघडं राहिलं. मी उठले. जायला तर हवं होतं. पण जाताना काय म्हणावं ते मला सुचेना. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला दाराशी म्हणायला एक शब्द सापडला नाही. मी तशीच बाहेर आले, चपला घातल्या. सरांनी मान वळवली नाही. सोमवारी मी रजा काढली, मंगळवारी आले तेव्हा लॅब रिकामी झाली होती. सर त्याच महिन्यात शाळा सोडून सोनईला धाकट्या भावाकडे निघून गेले. नंतर आमची गाठ पडली नाही.

त्या शनिवारी निघताना व्हरांड्याच्या खिडकीतून मी एकदा मागे वळून बघितलं होतं. खेळ संपला नव्हता. छोट्या यानाला निघायला अजून एक टिचकी हवी होती. पडद्यावर खाली मी लिहून दिलेलं 'निघा' हे बटण उघडझाप करत होतं, आणि सरांचे दोन्ही हात मांडीवर होते.